लोकेशन टेकडीवर, गाय खाली

माणसांच्या दवाखान्यात रोगी स्वतः चालत येतो, नाहीतर त्याला कोणीतरी रिक्षात घालून आणतं. ढोरांच्या दवाखान्यात हे जमत नाही. आडवी पडलेली म्हैस एसटीत चढत नाही आणि पोट फुगलेला बैल रांगेत उभा राहत नाही. त्यामुळे आमच्या नोकरीत औषधपाण्याच्या आधी एक काम करावं लागतं, आणि ते कुठल्याच अभ्यासक्रमात शिकवत नाहीत. ते म्हणजे रोग्याला शोधून काढणं. माझी सगळी नोकरी बुलढाणा जिल्ह्यात झाली. इंजेक्शनं किती टोचली ते सांगता येणार नाही, पण "अमक्याचं वावर कुठं हो?" हे वाक्य मी त्याहून जास्त वेळा बोलले असेन.

आता निवृत्त आहे. सकाळचा चहा गरम असताना पिते आणि त्याचं मला अजून नवल वाटतं.

मी होते पशुधन पर्यवेक्षक. पुरता डॉक्टर तालुक्याच्या गावी बसतो आणि लहान गावांतल्या दवाखान्यांत आम्ही असतो. लसी टोचायच्या, जखमा धुवायच्या, अडलेल्या गाई सोडवायच्या, माजावर आलेल्या गाईम्हशींना कृत्रिम रेतन करायचं, ही आमची कामं. लोक मात्र मला पहिल्यापासून डॉक्टरीनबाईच म्हणत आले. म्हणजे अगदी पहिल्या दिवसापासून नव्हे. पहिल्या दिवशी एका गोठ्यात गेले, तर मालक दारातच घुटमळला. बाईमाणूस गाईला हात घालणार, हे त्याच्या पचनी पडेना. शेवटी त्याची म्हातारी आई आतून ओरडली, "अरे, गायबी बाईच हाये ना! तिले तरी बरं वाटीन." त्या म्हातारीने माझी नोकरी पक्की केली असं मी मानते. सरकारी कागद नंतर आला.

आमचा जिल्हा दोन मजली आहे. वरच्या मजल्यावर बुलढाणा, कचेऱ्या, कोर्ट, कॉलेजं. खालच्या मजल्यावर मलकापूर, रेल्वे आणि कापूस. मधे घाट. माझा दवाखाना वरच्या मजल्याच्या अगदी काठावर होता, टाकळीला. माझ्याकडची काही गावं सपाटीवर होती आणि काही घाटाच्या उतारावर, जिथे रस्ता जायला तयार नसतो पण माणसं राहायला तयार असतात. मोपेडच्या मागे रेतनाचा थंड डबा बांधलेला, पायाशी औषधांची पिशवी, डोक्याला रुमाल, अशी मी फिरायचे.

तेव्हा बोलावणं यायचं ते निरोपाने. दुधाची गाडी घेऊन येणारा ड्रायव्हर सांगायचा, नाहीतर एसटीचा कंडक्टर खिडकीतून ओरडायचा. निरोप चार तोंडांतून आलेला असल्याने वाटेत त्याचे हातपाय गळून पडलेले असत.

"बाई, खालच्या अंगाले म्हैस अडली म्हणे."

"कोणाची?"

"थे काई सांगतलं नाई."

आणि एसटी पुढे. मग मी "खालच्या अंगाला" निघायचे. खालचं अंग म्हणजे साधारण चार गावं. वाटेत विचारावं तर उत्तर ठरलेलं, "हे काय, इथंच तं हाये!" इथंच म्हणजे किती, याचं माप बिडीत सांगत. दोन बिड्या होत नाहीत तोवर पोचता, म्हणे. मी बिडी ओढत नाही, मोपेडही ओढत नव्हती, त्यामुळे आम्ही दोघी अंदाजानेच चालायचो.

सगळ्यात मोठी पंचाईत बायकांची. नवऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, ही रीत तेव्हा पक्की होती. आणि ढोराकडे लक्ष असायचं ते बाईचंच, त्यामुळे बोलवायला धावत यायची तीही तीच. एकदा एक बाई धापा टाकत दवाखान्याच्या दारात उभी राहिली.

"बाई, आमच्या गाईचं पोट फुगलं. लवकर चाला."

"नाव काय?"

"गाईचं? चांदी."

"गाईचं नाही, घरच्यांचं."

ती पदर तोंडाला लावून खाली बघू लागली. मी म्हटलं, बरं, घर कुठं? मारोतीच्या मागे, म्हणाली. मारोतीच्या मागे सगळं गाव होतं. मी जरा आवाज चढवला, तेव्हा तिने तोड काढली, "ज्यायच्या बैलाचं नाव सरजा हाये ना, थेच." मोपेडवर दोघी बसायला जागा नव्हती, म्हणून ती चालत निघाली आणि मी पुढे गेले. मारोतीच्या पारावर पत्ते चालले होते. मी विचारलं, "सरजा बैल कोणाचा आहे?" त्यातला एक पानं हातात धरूनच म्हणाला, "माहाच हाये. काऊन?" बायको पोटफुगीच्या गाईसाठी उन्हात पळत होती आणि हा पठ्ठ्या बदामचा राजा दाबून बसला होता. त्याला पारावरून उठवताना मी जे बोलले ते या अंकात छापता येणार नाही. गाय वाचली. तेल पाजलं, पोटातली हवा काढली आणि संध्याकाळपर्यंत ती कडबा खायला लागली.

असं फिरून फिरून वैताग आल्यावर मी स्वतःची एक पद्धत काढली. निरोप देणाऱ्याला सांगायचं, की बाबा, रस्त्यावरून तुमच्या पांधनीला जिथे वळायचं, तिथल्या झाडाला कडब्याची एक पेंढी टांगून ठेवा. पेंढी दिसली की मी वळणार. पांधन म्हणजे दोन वावरांच्या मधली गाडीवाट. सगळ्या पांधनी सारख्या दिसतात, त्यामुळे खूण हवीच. पद्धत चार वेळा झकास चालली. पाचव्या वेळी मी तोच रस्ता तीनदा घातला, पेंढी कुठेच नाही. शेवटी एका बाभळीखाली एक शेळी दिसली, मागच्या दोन पायांवर उभी, तोंडात माझ्या खुणेचा शेवटचा घास.

मग कापड ठरवलं. लाल कापड लांबून दिसतं म्हणून लाल. तेही एका ठिकाणी बांधून घेतलं, काम झालं, आणि सोडायचं राहून गेलं. आठ दिवसांनी त्याच वाटेने गेले तर बाभळीच्या बुडाशी शेंदूर, नारळाची शकलं आणि उदबत्तीच्या काड्या. एक आजोबा हात जोडून उभे होते. मी मोपेड पुढे काढली. त्या बाभळीला आज चांगला सिमेंटचा ओटा आहे, आणि खरं सांगायचं तर त्या ओट्यामुळे ते वळण पुढे मला कधी चुकलं नाही.

पुढे मोबाइल आले. त्यानंतर मोबाइलमध्ये नकाशा आला आणि नकाशात एक बाई आली, जी डावीकडे वळा, उजवीकडे वळा असं सांगते. आम्हा दोघींचं पहिल्यांदा फारसं जमलं नाही. आपल्याकडे पिंपऱ्या आणि टाकळ्या किती आहेत, हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. एकदा तिने मला भलत्याच पिंपरीत नेऊन सोडलं. मी एका गोठ्यासमोर उतरून म्हटलं, "कोणती गाय आजारी आहे?" मालक गोंधळला, पण पाहुणा आला म्हणून त्याने खाट टाकली, चहा सांगितला आणि जरा विचार करून म्हणाला, "आजारी तं कोनतीच नाई, पन आल्या तं पाहून घ्या एकदा सगळ्यायले." मी पाहून घेतल्या. एकीच्या खुराला खरंच जखम होती. तोपर्यंत खऱ्या पिंपरीतून तीन फोन येऊन गेले होते.

तरी फोनवर माझा राग नाही. जुन्या दिवसांच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांना मी विचारते, तुम्ही कधी खालचं अंग शोधलंय का? फोनमुळे माझ्या कितीतरी खेपा वाचल्या. लंगडणाऱ्या बैलाचा व्हिडिओ आला की निम्मं निदान घरीच व्हायचं. एका बाबांनी गाईचा व्हिडिओ पाठवला, त्यात सबंध वेळ त्यांचं बोटच दिसत होतं. पण मागून गाईचं धापणं ऐकू येत होतं आणि तेवढ्यावर मी योग्य औषध घेऊन गेले. बायकाही आता बिनदिक्कत सांगतात, "बाई, लोकेशन टाकलं." नवऱ्याचं नाव घ्यायची गरजच उरली नाही. रीतही राहिली आणि कामही झालं.

खंत असेलच तर एका गोष्टीची आहे. पूर्वी डॉक्टरीनबाई येणार म्हटलं की घरातलं एक माणूस वळणावर येऊन उभं राहायचं. लांबून मोपेड दिसली की हात हलवायचं. त्या माणसाला पाहून मला बरं वाटायचं, अगदी मनापासून. आता वळणावर कोणी नसतं. लोकेशन पाठवलं की त्यांची जबाबदारी संपते.

आता जी गोष्ट सांगणार आहे ती माझ्या निवृत्तीच्या आदल्या भादव्यातली. दुपारी दवाखान्यात बसले होते, तर फोन वाजला.

"बाई, मी सुनंदा बोलून राह्यली, जांभूळझिऱ्याची. गाय अडली वो. सकाळपासून कळा देऊन राह्यली, एक पाय भाईर आला अन् पुढं काईच नाई. हे मलकापूरले गेले, घरी कोनी नाई. लोकेशन टाकलं मी. लवकर या, बाई."

मी काही विचारायच्या आत फोन बंद. परत लावला तर संपर्क क्षेत्राच्या बाहेर.

सुनंदाला मी ओळखत होते. जांभूळझिरा म्हणजे घाटाच्या उतारावरची वीसेक घरांची वाडी, आणि सुनंदा तिथल्या किसनरावांची सून. किसनराव आदल्या साली गेले. त्यांच्या तेराव्याला मी जाऊन आले होते. ही गाय होती सुनंदाच्या माहेरची. तिचे वडील वारल्यावर भावाने सगळी ढोरं काढून टाकली, तेव्हा हिने एवढी एक कालवड मागून घेतली. ती आणायला किसनराव स्वतः गेले होते. टेम्पोत घालायला तयार झाले नाहीत. लेकराले धक्के बसतीन, म्हणाले, आणि दोन मुक्काम करत तिला चालवत घेऊन आले. सुनंदाच्या वडिलांची म्हणून जी काही वस्तू तिच्याकडे होती ती ही, आणि आता सासऱ्याची आठवणही तीच. गाय पहिल्या वेताची होती. रेतन मीच केलेलं, त्यामुळे त्या वासरावर थोडा हक्क माझाही होता.

सकाळपासून कळा म्हणजे वेळ फार झालेला. पहिल्या वेतात गाय लवकर थकते. ती थकली की वासरू आत गुदमरतं, आणि मग गाईचंही काही खरं नसतं. तालुक्याच्या डॉक्टरांना फोन केला तर ते सुलतानपूरकडे लसीकरणाला गेलेले. मोपेडच्या जागी आता स्कूटर आली होती, ती काढली. फोनमधल्या बाईला म्हटलं, आज तरी नीट ने.

तिने नेलं. डांबरी सोडून पांधन, पांधन सोडून पायवाट, शेवटी स्कूटर उभी करून चढ चढले आणि ती म्हणाली, आपण पोहोचला आहात.

पोचले होते एका उघड्या टेकाडावर. एक मोठा काळा दगड, एक सलईचं झाड आणि वारा. गाय नाही, गोठा नाही, सुनंदा नाही. दगडाभोवती गुटख्याच्या रिकाम्या पुड्या, काड्या, एक तुटकी चप्पल. दगडावर कोणाकोणाची नावं कोरलेली. बसून बसून दगड गुळगुळीत झाला होता. मी माझ्या फोनकडे पाहिलं आणि डोक्यात प्रकाश पडला. चारही दांड्या उभ्या होत्या. आख्ख्या उतारावर रेंज मिळायची जागा एवढी एकच. वाडीतल्या ज्याला ज्याला फोन करायचा असेल तो इथे येऊन बसत होता. सुनंदाही गाईला एकटं सोडून धावत इथवर चढली, फोन केला, लोकेशन पाठवलं आणि धावत परत उतरली. फोन म्हणतो, तू जिथे आहेस ती जागा पाठव. तिने अगदी बरोबर तीच जागा पाठवली होती.

टेकाडावरून खाली पाहिलं. पार नाल्यापर्यंत उतारावर मका, माणसापेक्षा उंच. त्यात टिनाची छपरं जागोजागी, सगळी सारखी. पायवाटा तीन फुटलेल्या. मी सुनंदाचं गावातलं घर ओळखत होते, वावर नाही, कारण किसनरावांच्या काळी ढोरं गावातल्या गोठ्यात असत. वाडी पलीकडच्या उताराला होती. तिथे जाऊन विचारून परत यायचं म्हणजे गाय हातची जाणार. मी दोन्ही हात तोंडाशी धरून हाका मारल्या. माझा आवाज खालच्या गोंगाटात विरून गेला.

हा गोंगाट शहरातल्या वाचकाला समजावून सांगायला हवा. घाटाच्या कडेच्या वावरांत रानडुकरं, रोही आणि वानरं यांचा फार त्रास. रोही म्हणजे नीलगाय. पूर्वी माळ्यावर बसून लोक रात्रंदिवस ओरडायचे, डबे वाजवायचे. आता वावरात खांबावर एक भोंगा बसवतात. वर छोटी सोलर पाटी, आत आवाज भरलेली चिप. थोड्या थोड्या वेळाने तो आपोआप ओरडतो. कोणी कुत्र्याचं भुंकणं भरतं, कोणी फटाके, कोणी वाघाची डरकाळी. त्या दुपारी खाली सगळं एकदम चाललं होतं. एका वावरात वाघ, शेजारी कुत्रे, पलीकडे लग्नाचा बँड. मी कपाळावर हात मारून घेतला.

आणि तेवढ्यात त्या सगळ्या कालव्यातून एक आवाज वर आला.

"हुर्रर्र! हाऽऽड! हाड रे! पळतं का नाई बे!"

अंगावर सर्रकन काटा आला. तो किसनरावांचा आवाज होता. चुकायचं कारणच नव्हतं. हा माणूस देवळाच्या पायरीवरून हाक मारायचा आणि नाल्यापलीकडचा गडी जेवायला घरी यायचा. आवाजात एक खरखर होती आणि शेवटी वर चढणारा एक हेलकावा. तेराव्याचं जेवण मी स्वतः जेवले होते, आणि मका राखत किसनराव खाली ओरडत होते.

क्षणभरच. मग लक्षात आलं, दुसऱ्या कोणाच्या वावरात हा आवाज कशाला असेल? किसनरावांनी स्वतःचाच आवाज भोंग्यात भरून ठेवला होता, आणि तो भोंगा होता त्यांच्याच वावरात. म्हणजे गायही तिथेच.

मी पिशवी खांद्याला मारून उतरायला लागले. मक्यात शिरल्यावर काही दिसेना, फक्त पातीच पाती, आणि ती तोंडाला कापतात. आवाज यायचा तेव्हा चालायचं आणि थांबला की थांबायचं. मधे घाटाच्या कड्यावर आपटून तोच आवाज मागून आला आणि मी उलटी फिरले. पुढच्या हाकेला चूक कळली, परत वळले. नाल्याच्या काठाशी आले आणि भोंगा गप्प झाला. बराच वेळ गप्प. वर आभाळ भरून आलं होतं. सोलरवर चालणारं यंत्र, ऊन नाही तर बंद पडलं असेल, असं मनात आलं. इकडे तिकडे वाघ आणि कुत्रे ओरडत होते, मला पाहिजे तो बोलत नव्हता. मी त्या मक्यात एकटी उभी राहून मोठ्याने म्हटलं, "किसनराव, बोला हो आता!" कोणी ऐकलं असतं तर मला बुलढाण्याला नाही, भलत्याच दवाखान्यात नेलं असतं.

"हाऽऽड! हुर्रर्र!" अगदी नाल्याच्या पलीकडून, माझ्या नाकासमोरून आवाज आला.

नाला ओलांडला तर समोर टिनाचं छप्पर, त्याखाली गाय आडवी, आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली सुनंदा. मला पाहून तिने गाईचं डोकं अलगद खाली ठेवलं.

"बाई, मले वाटलं तुमी येत नाई आता. रस्ता कसा गावला?"

"तुझ्या सासऱ्यानं सांगितला. पाणी कुठं आहे? साबण आण."

गाईचे डोळे खोल गेले होते. कळ येत होती पण तिच्यात जोर नव्हता. मी हात धुतला, तेल लावलं, आत घातला. वासरू सुटतं ते पुढचे दोन्ही पाय पुढे आणि त्यावर डोकं ठेवून, माणूस विहिरीत सूर मारतो तसं. इथे एक पाय बाहेर आलेला, डोकं सरळ, पण दुसरा पाय गुडघ्यात मुडपून आत अडकलेला. अशा वेळी बाहेरचा पाय ओढत बसलं की सगळं संपतं. सुनंदाने ओढला नव्हता. तिला कोणी शिकवलं होतं ते विचारायला वेळ नव्हता.

"जिवंत हाये का, बाई?"

मी वासराच्या तोंडात बोट घातलं. काही नाही. पुन्हा घातलं आणि जीभ जरा दाबली. जिभेने किंचित बोट ओढल्यासारखं केलं.

"आहे," मी म्हटलं. "पण गाईला उभी करायला हवी. आवाज दे तिला."

सुनंदाने गाईच्या कानाशी तोंड नेलं आणि काय काय बोलली ते तिचं तिलाच माहीत. गाय एकदा धडपडली, दोनदा धडपडली, उभी राहिली. उभ्या गाईत आत जागा मिळते. एका कळेच्या आणि दुसऱ्या कळेच्या मधे वासराला आत रेटायचं, मुडपलेल्या पायाचा खूर तळहातात झाकून घ्यायचा, म्हणजे गर्भपिशवी फाटत नाही, आणि हळूहळू वर काढायचा. सांगायला दोन ओळी. माझा हात खांद्यापासून बधिर झाला. निवृत्तीच्या उंबऱ्यावरच्या बाईची ही कामं नव्हेत, हे मला कळत होतं. दोनदा खूर हातात आला आणि दोनदा निसटला. मला भीती वाटत होती, आणि सुनंदा माझ्या तोंडाकडे बघत होती म्हणून ती दाखवताही येत नव्हती.

तिसऱ्यांदा पाय सरळ झाला. दोन्ही पायांना कासरा बांधला, एक टोक मी धरलं, एक सुनंदाने. "कळ आली की ओढायचं, ती थांबली की थांबायचं," मी म्हटलं. कळ आली. डोकं आलं, खांदे आले आणि मग सगळंच एकदम आमच्या अंगावर आलं.

वासरू हलत नव्हतं. जीभ बाहेर, नाकात चिकट. मी नाक-तोंड पुसलं, मागचे पाय धरून दोघींनी त्याला उलटं लोंबकळवलं, परत खाली ठेवलं, पोत्याने खसाखसा चोळलं. सुनंदा ओठ दाबून चोळत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, हात थांबत नव्हते. मी जमिनीवरची एक काडी उचलली आणि वासराच्या नाकपुडीत खोल घातली. काही नाही. अजून खोल घातली.

वासरू शिंकलं.

ती शिंक माझ्या तोंडावर आली आणि मी ती पुसलीसुद्धा नाही. वासराची छाती वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. कालवड होती. मी तिला ओढत गाईच्या तोंडासमोर नेलं. गाईने एक हुंकार टाकला, अगदी खालच्या सुरातला, जो गाय फक्त वासराशी बोलताना काढते, आणि चाटायला लागली. आम्ही दोघी चिखलात बसून ते बघत राहिलो. मला हसू येत होतं आणि ते आवरावंसं वाटत नव्हतं.

"तिला पाणी दाखव," मी जरा वेळाने म्हटलं. "व्यालेल्या गाईला तहान फार लागते."

सुनंदा पदराला हात पुसत विहिरीकडे निघाली. जाता जाता खांबावरच्या भोंग्याकडे बघून म्हणाली, "हे म्हणतेत, रोही आता या आवाजाले भेत नाईत, वाघाचा टाकू. मी चिपच देत नाई. मामाजीनं माह्याच फोनमंदी भरला होता तो आवाज, मी समोर फोन धरून उभी होती."

ती विहिरीवर पोचली. रहाट कुरकुरायला लागला. आणि माझ्या डोक्यावर भोंगा सुरू झाला. "हुर्रर्र! हाऽऽड! हाड रे! पळतं का नाई बे!" मी कानावर हात ठेवणार, तेवढ्यात ओरडणं थांबलं आणि त्याच भोंग्यातून किसनराव साध्या, घरच्या आवाजात बोलले. लांबून ऐकताना मला हे कळलंच नव्हतं. सुनंदाने त्या दिवशी फोन बंद करायला जरा उशीर केला असणार, आणि नंतर तेवढा तुकडा कापला नसणार.

"बस झालं. पानी आन व पोरी, घसा सुकला माहा."

"आनलं, मामाजी, आनलं," विहिरीवरून सुनंदा म्हणाली, ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याला कोणी म्हणावं तसं, आणि भरलेली बादली घेऊन आली. तिने ती गाईच्या पुढ्यात ठेवली. गाईने वासराला चाटणं थांबवलं, बादलीत तोंड घातलं आणि पोटभर पाणी प्यायली.